वजन लादा, पण हिशेब उघडा ठेवा

2024च्या जूनमध्ये ले माँची 24 तासांची शर्यत संपायला दोनेक तास उरले होते आणि पहिल्या नंबरासाठी झुंजणाऱ्या 50 क्रमांकाच्या फेरारीचा दरवाजा लागेना. अधिकाऱ्यांनी काळ्या-नारिंगी झेंड्याने गाडी पिटमध्ये बोलावली, मेकॅनिकनी दरवाजा आपटून बंद केला आणि चालक निक्लास निल्सन पुन्हा ओल्या ट्रॅकवर गेला. त्यानंतरचा त्याचा सगळा खेळ उरलेली ऊर्जा पुरवण्याचा होता. 311 फेऱ्यांनंतर तो टोयोटाच्या 14.221 सेकंद पुढे राहिला, तेव्हा गाडीत 2 टक्के ऊर्जा शिल्लक होती. पहिल्या नऊ गाड्या एकाच फेरीत होत्या. पावसाच्या रात्री सेफ्टी कार तासन्‌तास पुढे राहिली आणि गाड्या पुन्हा एकत्र आल्या, हे खरे. पण दिवसभराच्या शर्यतीअखेर नऊ गाड्यांना जिंकण्याची आशा उरावी, ही केवळ पावसाची किमया नव्हती. स्पोर्ट्स कार शर्यतींच्या नव्या नियमावलीने ती घडवली, आणि या नियमावलीच्या बाजूने मी ठामपणे उभा आहे. माझी तक्रार तिच्या एकाच कलमाबद्दल आहे, पण ती छोटी नाही.

आधीची अवस्था आठवली की नव्या नियमांचे मोल कळते. 2012मध्ये करुण चंडोक ले माँच्या 24 तासांत उतरलेला पहिला भारतीय ठरला आणि त्याच्या जेआरएम संघाची गाडी सहावी आली. आपल्यासाठी तो अभिमानाचा दिवस होता. तरीही स्वतःच्या पैशाने उतरलेल्या त्या संघाला कारखान्याच्या हायब्रिड ऑडीशी झुंजण्याची संधी कधीच नव्हती. ऑडी कितीतरी फेऱ्या पुढे निघून गेली होती. सर्वोच्च वर्गाचा खर्च पुढे इतका फुगला की 2016नंतर ऑडी गेली, 2017नंतर पोर्शे गेली आणि हायब्रिड गाडी घेऊन टोयोटा एकटीच उरली. 2021मध्ये हायपरकार वर्ग सुरू झाला तेव्हा ले माँला त्यात पाच गाड्या होत्या. 2023मध्ये त्या 16 झाल्या आणि 2024मध्ये 23.

हे कसे घडले? नियमकर्त्यांनी दोन वाटा मोकळ्या ठेवल्या. कंपनीने पूर्ण गाडी स्वतः बांधावी, किंवा डलारा, ओरेका, लिजिए, मल्टिमॅटिक या चौघांपैकी एकाचा सांगाडा घ्यावा, ठरलेली सामायिक हायब्रिड यंत्रणा बसवावी आणि आपले इंजिन व आपले रूप त्याला द्यावे. दोन्ही वाटांच्या गाड्या एकाच विजेतेपदासाठी धावतात. गाडीचा आराखडा एकदा मंजूर झाला की तो वर्षानुवर्षे गोठतो. दर मोसमात कोट्यवधी उधळून नवी गाडी काढायची सोय उरत नाही. म्हणून ॲस्टन मार्टिनची हायब्रिड नसलेली साडेसहा लिटरची व्ही-12 आणि टोयोटाची चारही चाकांना ताकद देऊ शकणारी हायब्रिड एकाच सरळ रस्त्यावर शेजारी-शेजारी दिसतात. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून गाडी ओळखावी, हा आनंद या नियमांनी परत दिला.

पण इतक्या वेगळ्या गाड्या बरोबरीने धावायच्या तर कुणाला वजन घालावे लागते आणि कुणाची ताकद छाटावी लागते. या व्यवस्थेला म्हणतात बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, शर्यतवाल्यांच्या तोंडी बीओपी. ती कागदावर राहू नये म्हणून चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टवर टॉर्क मोजणारे सेन्सर असतात आणि ठरल्यापेक्षा जास्त ताकद वापरली की धावत्या शर्यतीतच ते उघडे पडते. मोजमाप चोख आहे. गोंधळ होतो तो आकडे ठरवताना. 2023ची ले माँ जेमतेम दहा दिवसांवर असताना टोयोटावर 37 किलो वजन वाढवले गेले, फेरारीवर 24, कॅडिलॅकवर 11 आणि पोर्शेवर 3. एकेका कंपनीचे आकडे ले माँपर्यंत हलणार नाहीत, असे आधी ठरले होते. 50 वर्षांनी सर्वोच्च वर्गात परतलेली फेरारी ती शताब्दीची शर्यत जिंकली. माझ्या मते त्यांच्या चालकांनी ती कमावली. अखेरच्या टप्प्यात टोयोटा घसरून आदळली, तो वजनाचा दोष नव्हता. तरीही संशय चिकटला तो चिकटलाच. त्यावर कळस म्हणजे बीओपीवर जाहीर बोलायला नियमावलीनेच संघांना आणि चालकांना बंदी केली आहे. ज्याच्या गाडीवर वजन चढले, त्यानेच त्याबद्दल गप्प बसायचे!

जुन्या वळणाच्या चाहत्यांचा आक्षेप याहून मुळावर घाव घालणारा आहे. हुशारीने वेगवान गाडी बांधणाऱ्याला शिक्षा आणि मागे राहिलेल्याला बक्षीस, हा कसला खेळ, असे ते विचारतात. याचे उत्तर जयपूरमध्ये पोलोच्या मैदानावर मिळते. 1933मध्ये महाराजा सवाई मानसिंहांचा संघ इंग्लंडमधल्या मोठ्या स्पर्धा जिंकून आला, तेव्हापासून या शहराला पोलोचे वेड आहे. आणि पोलो हा तर हँडिकॅपवरच चालणारा खेळ. प्रत्येक खेळाडूला उणे 2 ते 10 असा आकडा मिळतो. हँडिकॅपच्या सामन्यात दोन्ही संघांची बेरीज करतात, फरकाला चक्करांच्या, म्हणजे खेळाच्या डावांच्या, संख्येने गुणतात आणि 6ने भागतात. एका संघाची बेरीज 10, दुसऱ्याची 7 आणि चक्कर चार असतील, तर दुबळा संघ दोन गोल घेऊनच मैदानात उतरतो. यात चांगल्या खेळाडूचा अपमान होतो, असे रामबागच्या मैदानाबाहेर कुणी म्हणत नाही; उलट वाढलेला हँडिकॅप हा मान असतो. कारण आकडा आधी ठरतो, सूत्र सगळ्यांना पाठ असते आणि त्यावर वाद घालायला कुणाची बंदी नसते. बीओपीला हाच कायदा लावावा. सूत्र छापा, मोसमात कोणत्या तारखांना आकडे बदलतील ते आधी सांगा आणि चालकांच्या तोंडावरचे कुलूप काढा.

सूत्र उघडे केले तर कंपन्या मुद्दाम सावकाश धावून वजन कमी करून घेतील, ही भीती खोटी नाही. पण लपवाछपवीचा आरोप आजही प्रत्येक मोसमात होतोच. फरक इतकाच की आज चोरी पकडण्याचे काम मोजक्या अधिकाऱ्यांकडे आहे. आकडे खुले झाले तर सगळ्या कंपन्यांचे इंजिनिअर एकमेकांवर नजर ठेवतील, आणि प्रतिस्पर्ध्याइतका कडक तपासनीस दुसरा मिळणे कठीण. पोर्शेने 2025च्या अखेरीस जागतिक मालिकेतून माघार घेतली, त्याचे खापरही काही जण याच नियमावर फोडतात. मला ते पटत नाही. त्याच वर्षी ले माँला पोर्शे अवघ्या 14.084 सेकंदांनी दुसरी आली. हरवून टाकलेल्या गाडीचा हा निकाल नव्हे. कंपन्या ताळेबंद पाहून येतात आणि ताळेबंद पाहून जातात. तिकडे जेनेसिस आली आहे, फोर्ड आणि मॅक्लारेन 2027साठी गाड्या बांधत आहेत.

आपल्याकडे 2022मध्ये सुरू झालेल्या इंडियन रेसिंग लीगने हा सगळा प्रश्नच टाळला. तिथे सगळ्या संघांकडे एकच गाडी असते: वुल्फ जीबी08 थंडर ही इटालियन स्पोर्ट्स प्रोटोटाइप, पाठीमागे एप्रिलियाच्या मोटरसायकलचे साधारण 220 हॉर्सपॉवरचे इंजिन. हैदराबादला हुसेनसागराकाठी आणि 2024मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीच्या दिव्यांत या गाड्या धावल्या, आणि त्याच मोसमात विजेतेपद गोवा एसेसकडे आले. प्रत्येक संघात एक महिला चालक हवीच, हा त्यांचा नियम तर जगाने उचलावा असा आहे. चालक घडवायला एकसारखी गाडी उत्तम. पण गाडी उघडून तिच्यात काही नवे करण्याची मुभा नसेल, तर इंजिनिअर आणि मेकॅनिक कुठे घडणार? बाहा आणि सुप्रासारख्या स्पर्धांत दरवर्षी इंजिनिअरिंगची मुले स्वतः वेल्डिंग करून गाड्या उभ्या करतात. पदवी हातात पडली की शर्यतीच्या जगात त्यांच्यासाठी फारच थोडी दारे उघडी असतात.

वेगवेगळ्या गाड्यांची शर्यत भारताला झेपत नाही, असे म्हणणारे 2012कडे बोट दाखवतात. त्या वर्षी दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर ठरलेली जीटी1 जागतिक मालिकेची फेरी रद्द झाली. पण ती गोष्ट परदेशातून आणायच्या महागड्या गाड्यांची होती. मी त्या मागत नाही. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर इंडियन टूरिंग कार वर्गात होंडा सिटीसारख्या आपल्याच रस्त्यावरच्या गाड्या, आपल्याच गॅरेजांत तयार होऊन, वर्षानुवर्षे धावत आल्या आहेत. त्या वर्गाला वजनाचा खुला तक्ता द्या, मग एकाच मॉडेलचा भरणा होणार नाही आणि टाटा, महिंद्रा, मारुतीची गाडी घेऊन उतरणाऱ्यालाही आशा राहील. मोजायला यंत्रणा नाही ही सबब तर चालणारच नाही. पुण्यात एआरएआय आहे, इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. देशातल्या गाड्यांची ताकद आणि वेग तिथे रोजच तपासले जातात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचे ब्लॉक आणि क्रँक हाताळण्यात पिढ्या गेल्या. ही माणसे एखादी टूरिंग कार शर्यतीला उभी करू शकणार नाहीत, असे कोण म्हणेल?

मोटरस्पोर्ट महासंघाकडे माझी मागणी नेमकी आहे. हिवाळ्यात बुद्ध सर्किटवर तीन तासांची शर्यत घ्या. त्या 5.125 किलोमीटरवर विश्वविजेते फॉर्म्युला वन चालक धावून गेले आहेत आणि जयपूरहून सकाळी लवकर निघाले तर दुपारच्या शर्यतीला तिथे पोहोचता येते. एक वर्ग वुल्फचा, दुसरा इथे तयार झालेल्या टूरिंग गाड्यांचा, प्रत्येक गाडीला दोन चालक, आणि वजनाचा तक्ता महिनाभर आधी जाहीर, सूत्रासकट. वेगवान गाड्यांना रहदारीतून वाट काढावी लागेल, पिटमध्ये पट्टे सोडून चालक बदलताना सेकंद मोजावे लागतील, टायर जपावे लागतील; लीगच्या छोट्या शर्यतींत यातले फार थोडे दिसते. पहिल्या वर्षी दुसऱ्या वर्गात मोजक्याच गाड्या आल्या तरी शर्यत रद्द करू नये. ले माँचा हायपरकार वर्गही दोन वर्षे पाच गाड्यांवरच चालला होता.