गर्भवतीचे शाकाहारी ताट: वजन वाढते, बी-१२ चे काय?
‘दोन जिवांचे खा’, असे घरोघरी सांगितले जाते. प्रत्यक्षात आयसीएमआरच्या शिफारशीनुसार गर्भवतीला रोज जादा लागतात ३५० कॅलरी. साधारण दोन भाकऱ्या आणि वाटीभर उसळ. भात, साबुदाणा, लाडूंनी वजन वाढते, पण बी-१२ मिळत नाही. ते वनस्पतींत नसतेच. शाकाहाऱ्यांना दूध-दह्यातून थोडे मिळते.

पुण्याजवळच्या गावांत केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गर्भवतींत बी-१२ कमी आढळले. त्यातही ज्यांच्यात फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला प्रतिरोध सर्वाधिक होता. सरकारी गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते, बी-१२ नसते. म्हणून गोळी सोडायची नाही. दूधही वर्ज्य असेल तर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारायचे.