सत्तराव्या कलमाचे काय झाले?

ब्रिटिश साम्राज्याच्या इतिहासातील एक प्रकरण मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका येथील गोऱ्यांच्या वसाहती पायरीपायरीने स्वराज्यास कशा पोचल्या, हे ते प्रकरण होय. १९२८ च्या नेहरू अहवालाने हिंदुस्थानासाठी जो दर्जा मागितला तो याच वसाहतींच्या तोडीचा होता. आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत आपला देशही कायद्याच्या भाषेत एक डोमिनियनच होता. बौद्धजनहो, हे प्रकरण आपण अवश्य वाचावे. मात्र वाचताना एक प्रश्न हाताशी ठेवावा. सत्ता लंडनहून निघाली ती कोणाच्या हाती पडली, आणि त्या भूमीवर पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्यांच्या वाट्यास काय आले?

प्रारंभ कॅनडातून झाला. १८३७ साली तेथील दोन्ही प्रांतांत बंडे झाली. पुढे लॉर्ड डरहॅमने १८३९ च्या अहवालात सल्ला दिला की, अंतर्गत कारभारात गव्हर्नराने लोकनियुक्त सभेचा विश्वास असलेल्या मंत्र्यांच्या मताने चालावे. १८४८ साली नोव्हा स्कोशियात व पाठोपाठ कॅनडा प्रांतात तसे घडले. १८४९ साली बंडातील नुकसानभरपाईच्या विधेयकास लॉर्ड एल्जिनने मंत्र्यांच्या सल्ल्यानुसार संमती दिली, तेव्हा संतप्त जमावाने माँट्रियलचे संसदभवन जाळले. तरी संमती मागे घेतली गेली नाही. तत्त्व थोर आहे, यात संशय नाही. आपल्या संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदात मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार आहे असे जे म्हटले आहे, त्याचे मूळ याच परंपरेत आहे.

परंतु १८६७ च्या कायद्याने कॅनडाचे संघराज्य झाले तेव्हा केंद्राच्या अधिकारविषयांची जी यादी केली गेली, तीत दीपगृहे, चलन, वजने-मापे यांच्याच रांगेत ‘इंडियन आणि त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनी’ हाही एक विषय घातला गेला. माणसे कारभाराचा विषय झाली. कारभारी झाली नाहीत.

आता पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे वळू, कारण आपल्यास बोध देणारा खटला तेथला आहे. ऑस्ट्रेलियातील इतर वसाहतींना जबाबदार राज्यपद्धती १८५५ ते १८५९ या काळात मिळाली. या वसाहतीस ती १८९० पर्यंत मिळाली नव्हती. मोत्यांच्या धंद्यात आणि मेंढ्यांच्या कुरणांवर आद्य रहिवाशांना सक्तीने राबविले जाते, अशा तक्रारी लंडनपर्यंत गेल्या होत्या. म्हणून १८८९ च्या राज्यघटना कायद्यात सत्तरावे कलम घालण्यात आले. आद्य रहिवाशांचे अन्न, वस्त्र, शिक्षण व कल्याण यांसाठी दरसाल ५,००० पौंड वेगळे काढावेत, आणि वसाहतीचा महसूल ५ लाख पौंडांच्या वर गेल्यास त्याचा शेकडा एक भाग द्यावा, अशी ती तरतूद होती. हा पैसा खर्च करणारे मंडळ मंत्र्यांच्या नव्हे, तर गव्हर्नराच्या अधीन होते.

पुढे सोने सापडले. महसूल ५ लाखांच्या कितीतरी पुढे गेला आणि शेकडा एक हा भाग डोळ्यांत सलू लागला. हे कलम म्हणजे आमच्यावरील अविश्वास, आमच्या नावास लागलेला डाग, असा युक्तिवाद मुख्यमंत्री जॉन फॉरेस्ट यांच्या पक्षाने सतत चालविला. (हा युक्तिवाद आपल्या कानांना अपरिचित नसावा. संरक्षण मागितले की बहुसंख्याकांचा अपमान होतो, हे आपणही पुष्कळदा ऐकले आहे.) १८९७ साली कलम रद्द झाले, मंडळही गेले. १९०५ च्या कायद्याने सोळा वर्षांखालील प्रत्येक आद्य रहिवासी मुलाचा कायदेशीर पालक एक सरकारी अधिकारी झाला. आईबापांचा हक्क नाममात्र उरला. कलम रद्द करण्याची रीत बेकायदा होती, असा दावा घेऊन त्या लोकांचे वंशज ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ साली तो फेटाळला गेला.

दक्षिण आफ्रिकेत तर सौदा उघड होता. १९०२ च्या व्हेरीनिगिंगच्या तहात लिहिले गेले की, काळ्यांच्या मताधिकाराचा निर्णय स्वराज्य दिल्यानंतरच होईल. म्हणजे ज्यांना तो नको होता त्यांच्याच हाती. केप वसाहतीत १८५३ पासून मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या कोणत्याही वर्णाच्या पुरुषास मत होते. १९०९ च्या कायद्याने ते दोन-तृतीयांश बहुमताच्या कुलपात ठेवले, मात्र संसदेत बसण्याचा हक्क केवळ गोऱ्यांस दिला. रुबुसाना, जबावू, अब्दुर्रहमान हे नेते श्राइनर यांच्यासह लंडनला दाद मागण्यास गेले. ब्रिटिश संसदेने ऐकले नाही. १९३६ साली दोन-तृतीयांश मते मिळवून आफ्रिकन मतदार सामान्य यादीतून काढले गेले. मिश्रवर्णीयांना काढण्याचा कायदा १९५२ साली न्यायालयाने अवैध ठरविला, तर सरकारने सिनेटचीच सभासदसंख्या फुगवून १९५६ साली हेतू साधला. कुलूप तोडले नाही. नवी किल्ली घडविली.

न्यूझीलंडची गोष्ट थोडी निराळी. जमीन टोळीच्या सामाईक मालकीची असल्यामुळे मालमत्तेच्या अटीने बहुतेक माओरी मताबाहेर राहत. १८६७ साली त्यांना चार स्वतंत्र जागा व सर्व प्रौढ पुरुषांस मत मिळाले. लोकसंख्येच्या मानाने जागा फारच थोड्या होत्या आणि सव्वाशे वर्षे चारच राहिल्या. आज त्या सात आहेत. तरी प्रतिनिधी माओरींच्याच मतांवर निवडला जातो. १९३२ साली जातीय निवाड्याने दिलेल्या ७१ जागा व स्वतंत्र मतदारसंघ यांच्या बदल्यात पुणे कराराने १४८ जागा व संयुक्त मतदारसंघ पदरात पडले. त्याचा अर्थ आपल्या वाचकांना निराळा सांगणे नको.

यावरून इंग्रजी राज्य बरे होते असे कोणी समजू नये. सत्तरावे कलम लंडनच्या संमतीनेच गेले. १९३० साली गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी परकीय नोकरशाहीने अस्पृश्यांसाठी काही केले नाही हे बजावूनच स्वराज्य मागितले. मात्र सत्तेतील वाटा आधी ठरवा, असा आग्रह धरला.

नवदीक्षित कुटुंबे आम्हांस विचारतात, धम्म स्वीकारल्याने हक्क जातील काय? १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. तत्पूर्वी धर्मांतरितांनी चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींवाचून काढली. ही दुरुस्ती संसदेच्या साध्या कायद्याने झाली आहे, आणि अनुच्छेद ३४१ प्रमाणे यादीत घालणे वा काढणे साध्या कायद्यानेच होते. लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांस अनुच्छेद ३३४ ची मुदत आहे. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत वाढविली आहे. नोकऱ्या व शिक्षण यांतील आरक्षणास अशी मुदत नाही. दोहोंची गल्लत करून भीती घालणारे गावोगाव भेटतात. विहारातील पुढच्या बैठकीत हे तीन अनुच्छेद, ७५, ३३४ आणि ३४१, कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावेत आणि तरुणांनी आपल्या मतदारसंघाच्या खासदारास मुदतवाढीविषयी त्याचे मत लेखी विचारावे.