भाड्याआधी आडनाव

मुकादम म्हणाला, "नाशकाला येतोस का रं? गोदामात पोरं पाह्यजेत. पंधरा हजार हातात पडतील."

इथं गोदीत मी कंत्राटावर, ओव्हरटाइम धरून 19,000 कमावतो. शिवडीची खोली 7,000, खानावळ 3,600. उरतात 8,400. मॅट्रिक झालेल्याला एवढं गणित येतं.

रात्री सिगारेटच्या पाकिटावर नाशिक मांडलं. खोली 3,500, खानावळ 2,600, अंबडला जायची शेअर रिक्षा 1,200 (गोदीत मी चालत जातो). उरतात 7,700. सातशेचा घाटा. पण म्हातारी निफाडला एकटी आहे. मी हो म्हणणार होतो.

सरकारी नोकराला असं पाकीट फाडावं लागत नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्याला जानेवारी 2024 पासून मुंबई-पुण्यात मूळ पगाराच्या 30 टक्के घरभाडे भत्ता, नाशिक-नागपुरात 20, बारक्या गावात 10. आम्हाला मुकादमाचा शब्द हाच भत्ता.

युनियनचा एक साथी महागाई निर्देशांकाचा कागद घेऊन आला. ज्या शहराचा आकडा लहान ते शहर स्वस्त, असं त्याचं म्हणणं. साफ चूक, दोस्तांनो. सिमल्याच्या लेबर ब्युरोनं 2020 मध्ये कामगारांचा नवा निर्देशांक आणला, त्यात प्रत्येक केंद्राचं 2016 साल म्हणजे 100. मुंबई मुंबईशीच मोजायची, नाशिक नाशिकशी. भाव किती चढले ते कळतं. कुठलं शहर महाग, ते त्यातून कळत नाही.

म्हणून मी स्वतःच खोली बघायला गेलो. पहिल्या दारात बाईंनी पाणी दिलं, किल्ली काढली, मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. किल्ली परत खिळ्याला. "अहो, कालच गेली बघा खोली." आठ दिवसांनी पुन्हा त्या गल्लीत गेलो तर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच. दुसऱ्या दारात आडनावाच्या आधी मटण खाता का हे विचारलं. प्रश्न तोच, फक्त शाकाहारी.

शेवटी खोली मिळाली ती आपल्याच वस्तीत, 5,000 ला, वर तीन महिन्यांचं डिपॉझिट. दहा दारांवरून हाकललेला प्रत्येक जण तिथंच येतो, मग भाडं चढणारच. आपलाच घरमालक आपल्याला कापतो, हेही लिहायला पाहिजे. माझे उरले 6,200. मधले 1,500 रुपये कुठल्या निर्देशांकात घालायचे?

1917 साली बाबासाहेब संस्थानच्या नोकरीवर बडोद्याला गेले. कोलंबियात शिकून आलेला माणूस. हुद्दा होता, राहायला जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत खोटं नाव सांगून राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे. नोकरी सोडून मुंबई गाठावी लागली. याच माणसानं 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. रुपया कुठं चालत नाही, ते त्यांना बडोद्यातच कळलं असणार, असं आपलं मला वाटतं.

मुकादमाला मी नाही म्हणालो. म्हातारीला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या अंकासाठी तुमचे आकडे पाठवा. कुठून कुठं गेलात, पगार किती, भाडं किती, डिपॉझिट किती. आणि किती दारं फिरलात, तेही त्याच कागदावर लिहा.