चिकटपट्टीवरचं नाव

रविवारी दुपारी चार वाजले की आमच्या नाशिकच्या घरी मुलाचे मित्र जमतात. कुणी सातपूरहून येतो, कुणी नाशिकरोडहून. प्रत्येकाच्या पाठीवर काळ्या पिशवीतली गिटार. हॉलमध्ये सतरंजी अंथरायची, गिटारी मांडायच्या आणि मग गप्पा सुरू. तुझ्या तारा कुठल्या? अ‍ॅम्प वीस वॅटचा बरा की चाळीसचा? हा याची गिटार वाजवून बघतो, तो त्याचा अ‍ॅम्प्लिफायर लावून बघतो. आपण नाही का मैत्रिणीच्या साडीचा पोत बोटांनी चाचपून बघत, अगदी तस्संच! आधी मला हसू यायचं, मग कौतुक वाटायला लागलं.

गिटार माझ्या धाकट्या लेकीकडेही आहे. तीसुद्धा कोपऱ्यात येऊन बसायची. एकदा एकाचा अ‍ॅम्प सारखा खरखरत होता. ही म्हणाली, "गिटार ठीक आहे, वायर खराब झालीय." कुणाचं लक्षच नाही. दहा मिनिटांनी एका मुलाने तेच सांगितलं, वायर बदलली, खरखर थांबली. "भारी रे!" म्हणून पाठ थोपटली ती त्याची.

पुढे तिच्यासाठी अ‍ॅम्प घ्यायला आम्ही एका दुकानात गेलो. प्रश्न विचारत होती लेक आणि उत्तरं मिळत होती तिच्या बाबांना. वर दुकानदार म्हणाले, "ताईंना हा छोटा गुलाबी शोभेल." लेक काही न घेताच बाहेर पडली.

त्यानंतर रविवारी ती आपल्या खोलीतच बसायला लागली. मी म्हटलं, "अगं, त्या मुलांचं काय मनावर घेतेस?" त्यावर ती जे बोलली, ते माझ्या चांगलंच जिव्हारी लागलं. "आई, मुलांचं सोड. मी तिथे बसले की चहा न्यायला तू मलाच हाक मारतेस. दादाला मारलीस कधी?"

खरंच की हो! त्या घोळक्यातून तिला उठवत होते ती मीच. दुकानदाराला काय म्हणून बोल लावायचा?

मग मी तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, सांग मला हे सगळं काय असतं ते. तिने सोपं करून सांगितलं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक असतात. त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे दिलेले असतात. याला म्हणतात पिकअप. वरची तार थरथरली की या वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकरमधून आवाज घुमतो. गिटारचा 'टोन' म्हणून ही मुलं तासन्‌तास वाद घालतात ना, तो बराचसा या वेढ्यांवर अवलंबून असतो.

आणि हे वेढे देत कोण होतं? बायका! अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या फुलर्टन गावी फेंडर कंपनीचा कारखाना होता. तिथे १९५६ साली अ‍ॅबिगेल इबारा नावाची मुलगी कामाला लागली. यंत्र फिरायचं आणि तिच्या बोटांतून तार सुटायची. बोटांचा दाब जरा कमीजास्त झाला तरी तार तुटायची. त्या २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या हातचे पिकअप मिळावेत म्हणून गिटारचे दर्दी आज भरपूर पैसे मोजतात.

अ‍ॅम्प्लिफायरची गोष्ट तर आणखी गोड आहे. फेंडरचा १९५०च्या दशकातला अ‍ॅम्प उघडला, की कित्येकदा आत चिकटपट्टीचा एक तुकडा सापडतो. त्यावर हाताने लिहिलेलं असतं - लिली, लुपे. आतल्या तारा जोडणाऱ्या बायकांची ही नावं! जुना अ‍ॅम्प घेणारे आता मोठ्या उत्सुकतेने ती शोधतात.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा कॅलामझूच्या गिब्सन कारखान्यातल्या बायकांनी हजारो गिटारी बनवल्या. कंपनी मात्र कितीतरी वर्षं सांगत राहिली, की युद्धाच्या काळात आम्ही गिटारी बनवल्याच नाहीत. जॉन थॉमस या अभ्यासकाने त्यातल्या काही आजींना शोधून काढलं, तेव्हा कुठे ही गोष्ट पुस्तकात आली.

आपल्याकडे वेगळं काय आहे? अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत वायरिंग करणाऱ्या, कॉइल गुंडाळणाऱ्या कितीतरी जणी रोज सकाळी डबा घेऊन निघतात. त्यांच्या घरचा मिक्सर बिघडला, की "तुला काय कळतंय त्यातलं?" असं ऐकायला कमी करत नाहीत.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या नाशिकमध्ये आश्रम स्थापला. चांगल्या घरच्या मुलींनी गाणं शिकावं, हे घराघरांत रुजलं त्यामागे त्यांच्यासारख्यांचे कष्ट आहेत. मुली गायला लागल्या, तंबोरा मांडीवर आला. पण वाद्य निवडणं, जुळवणं, दुरुस्त करणं हे काम आपण बाप्यांकडेच ठेवलं. माझंच बघा ना! माहेरची पेटी माझी, पण भाता फाटला तेव्हा "यांना वेळ झाला की नेतील" म्हणत ती माळ्यावर पडली. आमच्या भजनी मंडळातही माइक किंचाळायला लागला, की आम्ही सगळ्याजणी कुणातरी भाऊंची वाट बघत बसतो.

फेंडरच्याच २०१८च्या पाहणीनुसार अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये नव्याने गिटार हाती घेणाऱ्यांत निम्म्या बायका आहेत. आपल्याही गावांतल्या क्लासांमध्ये मुली जातातच. फी आपण भरतो, गॅदरिंगला टाळ्या वाजवतो. पण तिच्या हातात पेचकस कितीजणी देतो? तारा तिच्या तिला बदलू देतो का? दुकानात गेल्यावर "अहो, तिला विचारताय ना, मग तिलाच सांगा," असं म्हणायला फार धाडस लागत नाही. पण तेवढ्याने मुलीची मान ताठ होते.

मागच्या रविवारी चहा मुलाने केला. जरा जास्तच गोड झाला होता. लेक सतरंजीवर बसून एकाच्या अ‍ॅम्पचं मागचं झाकण काढत होती आणि बाकीचे मुकाट बघत होते. आधी प्लग काढलाय की नाही, एवढंच मी दारातून विचारलं. "काढलाय गं आई!" ती मान वर न करताच म्हणाली.

माळ्यावरची पेटी मीही खाली काढली आहे. उद्या स्वतः घेऊन जाणार आहे दुरुस्तीला. तुमच्या माळ्यावर काय आहे?