अफवेची साथ

सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाला बळी पडल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. तेव्हा ही लस जेमतेम जन्मली होती. आज बालकांची लस सातारा-सांगलीच्या अंगणवाडीपर्यंत विनामूल्य पोहोचते. मात्र अफवा मोबाइलवरून तिच्याआधी घरात शिरते.

गोवर-रुबेला लसीने वंध्यत्व येते, हा अपप्रचार त्यातलाच. २०२२ मध्ये मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा लस न घेतलेल्या बालकांनाच तिची अधिक झळ बसली. गोवर रोखण्यासाठी शंभरातील सुमारे ९५ जणांनी दोन्ही मात्रा घेतलेल्या असाव्या लागतात. नऊ महिन्यांखालील तान्ह्या बाळांना ही लस सहसा देत नाहीत. शेजारच्यांची लस हेच त्यांचे कवच. म्हणून लसीस नकार ही केवळ खासगी बाब उरत नाही.

श्रद्धेच्या नावाखालीही कोणी लस टाळू नये. कोविड लस घेणे नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहे, असे व्हॅटिकनने डिसेंबर २०२० मध्येच स्पष्ट केले.

धर्मग्रामस्थांना आमची विनंती आहे: शंकेखोराची हेटाळणी नको, त्याला आशाताईंकडे वा प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. आणि न पडताळलेला संदेश पुढे धाडू नका.