गुरुवारचं इंजेक्शन

धाकटी बहीण सांगलीहून माहेरपणाला आली की अजिंक्यताऱ्यावर एक फेरी ठरलेलीच. या वेळी मात्र निम्मी चढणही झाली नाही तोच तिने कठड्यावर बसकण मारली. चेहरा पांढराफटक, हातापायांना कंप. "ताई, गरगरतंय गं," म्हणाली आणि लगेच उलटी. घरी आणून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी गुपित फोडलं. तीन महिन्यांपासून ती वजन कमी करण्याचं इंजेक्शन घेत होती, आठवड्यातून एकदा. नवऱ्याशिवाय घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "खाण्यावर ताबा नाही म्हणून सुई टोचून घेते," हे सासूबाईंच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती.

"कोणत्या वारी घेतेस?" मी विचारलं.

"गुरुवारी रात्री. गुरुवारी माझा उपवास असतो ना, नाहीतरी पोट रिकामंच!"

हसू नका मैत्रिणींनो. तिच्या जागी मी असते तर मीही हाच हिशेब केला असता. उपवास आणि इंजेक्शन एकाच खात्यात! पण तिची नोकरी पतसंस्थेत, व्यायामाला सवड मिळते ती शनिवार-रविवारीच. म्हणजे गुरुवारी साबुदाण्यावर दिवस काढायचा, रात्री सुई, शुक्रवारी मळमळीने जेवण नको, आणि शनिवारी पहाटे सगळा जोर लावायचा. त्यात त्याच आठवड्यात डॉक्टरांनी डोस वाढवलेला. गरगरणार नाही तर काय होणार?

टिर्झेपटाइडचं मौन्जारो हे इंजेक्शन आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं, सेमाग्लुटाइडचं वेगोव्ही जूनमध्ये. मौन्जारोची सगळ्यात लहान कुपी तेव्हा साडेतीन हजारांची होती, म्हणजे महिन्याला चौदा हजार. भूक कमी होते, पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून थोडक्यात भागतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के उतरलं. औषध खोटं नाही. ते घेणारीला आळशी म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. लठ्ठपणा हा आजार आहे आणि थायरॉइडची गोळी घेताना आपण कुणाला लाजत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. सुई कशी टोचायची हे बहिणीला दोन मिनिटांत शिकवलं, पण तिचा आठवडा कसा असतो हे कुणी विचारलंच नाही. हे औषध अंगात आठवडाभर असतंच, तरी रक्तातलं प्रमाण सर्वांत जास्त असतं ते साधारण पहिल्या तीन दिवसांत. मळमळ, जुलाब, बद्धकोष्ठ यांचा त्रास डोस वाढवला की अधिक होतो. प्रत्येकीचं अंग वेगळं. कुणाला काहीच होत नाही, कुणी दोन दिवस आडवी होते. म्हणून चार-सहा आठवडे कालनिर्णयवर रोज दोन शब्द लिहून ठेवा, आपला वाईट दिवस कोणता ते आपोआप कळतं. मग त्या दिवशी फक्त सावकाश चालणं, आणि जोराचा व्यायाम बऱ्या दिवसांना. वार बदलायचा तर तोही डॉक्टरांना सांगून बदलता येतो. दोन सुयांमध्ये सेमाग्लुटाइडला किमान दोन आणि टिर्झेपटाइडला किमान तीन दिवसांचं अंतर हवं.

व्यायाम हवाच का, वजन तर उतरतंय ना? हा प्रश्न बहिणीनेही केला. उतरणारं वजन सगळं चरबीचं नसतं, त्यात स्नायूही जातात. चाळिशीनंतर ते आपसूकच कमी होत असतात. काटा खाली येतो, पण जिना चढताना मांडी भरून येते, गॅसचा सिलिंडर सरकवताना कंबर धरते. नुसतं चालून हे भरून येत नाही. आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर लावायला हवा. खुर्चीवरून हात न टेकता बसा-उठा, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या बाटल्या भरून उचलणं. सांगलीला पैलवानांची आणि तालमींची केवढी परंपरा, पण बाईने बैठका मारल्या की अजून शेजारीण डोकावते! "घरकाम हाच आमचा व्यायाम" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, त्या कामाने आजवर गुडघे बळकट झाले की झिजले?

आणि इंजेक्शन थांबवल्यावर काय? त्याच चाचणीतल्या लोकांनी औषध थांबवलं, तेव्हा वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. डेन्मार्कमध्ये याच जातीच्या, पण रोज घ्यायच्या इंजेक्शनचा अभ्यास झाला. त्यात औषधासोबत व्यायाम केलेल्यांनी, औषध थांबल्यावरही, नुसतं औषध घेतलेल्यांपेक्षा वजन जास्त राखलं. महिन्याला एवढे पैसे कायम कोण भरणार? आपल्यासारख्या घरात हे औषध एक दिवस थांबणार हे धरूनच चालायला हवं.

उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी कोण ऐकतंय! पण भूकच मेलेली असताना साबुदाण्याने पोट भरलं तर प्रथिनं येणार कुठून? दही, ताक, दूध, पनीर, शेंगदाणे उपवासालाही चालतात. एरवी अंडं, मटकीची उसळ, डाळ आधी खावी, भात-भाकरी नंतर. तहानही लागेनाशी होते, म्हणून पाणी आठवणीने प्यावं. सांगलीच्या उन्हाळ्यात तर फारच.

काही गोष्टींत मात्र चालढकल नको. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर व्यायामात साखर एकदम उतरू शकते. डॉक्टरांना आधी विचारा. पोटात न थांबणारी तीव्र कळ आली, उलट्या थांबेनात, तर थेट दवाखाना गाठा. गरोदरपणात ही इंजेक्शनं चालत नाहीत, आणि मूल हवं असेल तर आधीच, सेमाग्लुटाइड किमान दोन महिने, थांबवावी लागतात. टिर्झेपटाइडमुळे पाळणा लांबवण्याच्या गोळीचा परिणामही कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे दुसरं साधन वापरावं लागतं. लपवून घेणाऱ्या बाईला हे कोण सांगणार?

बहिणीने डॉक्टरांशी बोलून वार बदलला. आता रविवारी रात्री हलकं जेवून सुई, सोमवार-मंगळवार कृष्णाकाठी नुसतं फिरणं, बुधवारी आणि शनिवारी जोराचा व्यायाम. त्यासाठी बुधवारी सकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करायला हवा होता, म्हणून घरात सांगावंच लागलं. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "माझ्या गुडघ्यांना चालेल का गं ते बसा-उठा?" पूर्वी कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाखाली एक बारीक टिंब असायचं. आता रविवारच्या चौकटीत 'इंजेक्शन' असं स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि अक्षर सासूबाईंचं.