यंत्राचा पावसाळा

गेल्या जुलै महिन्यात इयत्ता नववीच्या वर्गास आम्ही ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध लिहावयास दिला. विषय जुना आहे हे आम्ही जाणतो. आमच्या गुरुजींनी तो आम्हांस दिला होता, आणि त्यांस तो त्यांच्या गुरुजींनी दिला असावा. वह्या आल्या, त्या आम्ही रात्री तपासावयास घेतल्या, आणि त्यांपैकी एका वहीने आमचे मन इतके प्रसन्न केले की, दहांपैकी आठ गुण देऊन समासात ‘सुंदर’ असा शेराही आम्ही मारला. त्या निबंधात मोर होता, मातीचा सुगंध होता, खिडकीशी बसून खाल्लेली कांदाभजी होती, अवचित मिळालेल्या सुट्टीचा हर्ष होता. आणि शेवटी, रुळांवर पाणी चढल्यामुळे लोकल गाड्या उशिरा धावत आहेत अशी बातमी वडील भिजत भिजत घेऊन आले, असाही एक हृद्य प्रसंग होता. ऱ्हस्वदीर्घाची चूक शोधूनही सापडेना.

दुसऱ्या दिवशी वह्या परत करीत असता ती लोकल गाडी आमच्या ध्यानात आली. हा विद्यार्थी पर्लकोटा नदीपलीकडच्या एका लहानशा गावचा. ज्या भामरागड तालुक्यात आगगाडीचा एक हातभर रूळ नाही, त्या तालुक्यातील वडिलांनी लोकल गाड्यांची बातमी आणली कोठून? आम्ही मुलास जवळ बोलावून विचारले. मुलगा सत्यवचनी आहे. तो म्हणाला, “सर, मोबाईलमध्ये ते यंत्र आहे ना, त्याने लिहून दिला.”

“त्यास तू काय सांगितलेस?”

“आमच्या सरांना आवडेल असा लिही, म्हणून सांगितले.”

वाचकहो, आमच्या अध्यापनावर आजवर अनेक अधिकाऱ्यांनी अनेक शेरे लिहिले आहेत. परंतु इतका नेमका शेरा कोणी लिहिल्याचे आम्हांस स्मरत नाही. यंत्राने आम्हांस कधी पाहिले नाही, आमचे नाव त्यास ठाऊक नाही, तरी आमची आवड त्याने अचूक ओळखली!

मग त्याचा स्वतःचा पाऊस कोणता, असे आम्ही विचारले. तेव्हा तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत मात्र आपण होऊन आला आणि उभ्या उभ्या त्याने जे सांगितले ते असे. त्याच महिन्याच्या प्रारंभी तो गावी गेला होता. धाकटा भाऊ हिवतापाने फणफणला, म्हणून बापाने व काकाने त्यास खाटेवर घालून, खाट खांद्यावर घेऊन नदीपर्यंत आणले. पाहतात तो पर्लकोटा दुथडी भरलेली आणि पूल पाण्याखाली. भामरागडच्या लोकांस हे दृश्य नवे नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती ह्या तिन्ही नद्या येथे एकत्र येतात, आणि इंद्रावती चढली की बाकीच्या दोघींचे पाणी मागे सरते. दोन दिवस ही मंडळी काठच्या गावात थांबली. बाप काठावर काठी रोवून पाणी कोठवर आले ते पाहत असे. तिसऱ्या दिवशी पहाटे पाण्याचा जोर थोडा ओसरला, तेव्हा एकाने डोंगा घातला आणि भावास पलीकडे पोहोचविले. भाऊ वाचला. “त्या दोन्ही रात्री आजी नदीशी बोलत बसली होती,” असे मुलगा म्हणाला. काय बोलत होती, असे आम्ही विचारले, तेव्हा त्याने उत्तर दिले, “ते मराठीत येत नाही, सर.”

हे का लिहिले नाहीस, असे विचारणे प्राप्तच होते. तो म्हणाला की, त्यात शब्द चुकले असते आणि तुम्ही ते लाल केले असते. आम्ही लगेच इन्कार केला. परंतु संध्याकाळी त्याची जुनी वही काढून पाहिली, तो त्यात ‘डोंगा’ ह्या शब्दावर तांबडी रेघ मारून वर ‘होडी’ असे लिहिलेले आढळले. अक्षर आमचेच होते.

ह्या प्रकरणाची चर्चा शिक्षकांच्या खोलीत झाली. एकाचे मत पडले की, वसतिगृहात मोबाईलची झडती घ्यावी. दुसऱ्यांनी सांगितले की, यंत्राने लिहिलेले ओळखणारे दुसरे यंत्र निघाले आहे, ते आणावे; म्हणजे एका यंत्राने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, आणि मुलगा व मास्तर दोघांनीही पारावर बसावे. आमचे मत निराळे पडले. हा गुन्हा यंत्राहून जुना आहे. आम्ही स्वतः दहावीस असताना बाजारात मिळणाऱ्या निबंधांच्या पुस्तकातून ‘नदीचे आत्मवृत्त’ पाठ केले होते, आणि हिमशिखरांवर जन्म घेऊन, ऋषींचे आश्रम पावन करीत, सागरास मिळालो होतो. आमच्या गावास नदी नव्हती; एक ओढा होता, तोही मार्गशीर्षात आटे. तरी आम्हांस उत्तम गुण मिळाले. त्या ओढ्याविषयी आम्ही आजतागायत एक ओळ लिहिलेली नाही.

हे यंत्र चालते कसे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. त्यास माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचावयास दिलेला असतो, आणि एका शब्दामागून बहुधा कोणता शब्द येतो ह्याचे गणित ते त्यावरून बसविते. पावसामागून मोर येतो, मोरामागून पिसारा येतो, हे त्यास पक्के ठाऊक. खाट, काठी, डोंगा आणि नदीशी बोलणारी आजी ही फारशी कोणी लिहिलेलीच नाहीत, तर ती त्याने आणावी कोठून? आमच्यासारख्या मास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या निबंधांस आठ गुण दिले, त्याच वळणाचे लेखन ह्या बिचाऱ्याच्या वाचनात आले. त्यावर आम्ही रागवावे तरी कोणत्या तोंडाने?

इकडे दुसरी एक वार्ता आली आहे, आणि तिच्यामुळे आमचा विचार आणखी लांबला. केंद्र सरकारच्या जनजाती कार्य मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी ‘आदि वाणी’ नामक भाषांतराचे यंत्र प्रायोगिक स्वरूपात लोकांस खुले केले. दिल्लीची आय. आय. टी. व तिच्या सहकारी संस्था ह्यांनी ते सिद्ध केले असून, संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी ह्या चार भाषांनी त्याचा आरंभ झाला आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे ३० लाख लोक होते. तरीही राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत गोंडीला जागा नाही. परिशिष्टात नाही आणि यंत्रात आहे, असा हा काळाचा चमत्कार! ही वार्ता ऐकताच आमचे एक स्नेही हर्षाने म्हणाले, “सुटलो! आता माडिया शिकावयास नको.”

आम्ही हसलो, परंतु ते हसू फार वेळ टिकले नाही. भामरागडच्या मुलांस शिकवू लागल्याला आम्हांस बरीच वर्षे झाली. एवढ्या काळात आम्हांस माडियाचे शब्द किती यावे? मोजून पाहिले, तो चाळीसही भरेनात, आणि त्यांतील बहुतेक आज्ञार्थी निघाले: ये, बस, गप्प राहा. यंत्र येण्यापूर्वीच आम्ही शिकावयाचे सोडून दिले होते. आता केवळ सबब हाती आली. शिवाय ‘आदि वाणी’ने उचलली ती छत्तीसगडची गोंडी. आमच्या मुलांची माडिया तिची बहीण खरी, पण बहिणी एकमेकींचे सगळेच बोलणे समजून घेतात असे कोणत्या घरी आहे?

मागच्या लोकांजवळ असे साधन नव्हते. स्कॉटलंडचे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले, आणि शाळा, धर्मोपदेश व भूगर्भशास्त्र सांभाळून गोंडांच्या भाषेची टिपणे करीत राहिले. १८६३ च्या ४ सप्टेंबरला टाकळघाटची पुरातन दगडी वर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या नाल्याच्या पुरात ते बुडाले. लिंगोचे गोंडी गीत आणि शब्दांच्या याद्या असलेले त्यांचे कागद १८६६ साली सर रिचर्ड टेंपल ह्यांनी छापून काढले, म्हणून उरले. माडिया भाषेचे लिंडकृत पाठ्यपुस्तक १९१३ साली छापले गेले ते कोठे? पुणे जिल्ह्यात, केडगावी! आणि जवळचे उदाहरण पाहावयाचे तर हेमलकशास जावे. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे १९७० नंतरच्या त्या वर्षांत तेथे राहावयास आले, तेव्हा रोगी काय सांगतो हे कळल्यावाचून औषध देता येईना, म्हणून रोग्यांकडूनच ते माडिया शिकले. ताप डॉक्टरास शिकवितो. निबंधाच्या वहीने मास्तरास शिकवू नये काय?

आमच्या ह्या अज्ञानाचे एक लहानसे प्रदर्शन नुकतेच झाले. २०२५ च्या जुलैत तालुक्यातील मरकनार गावाहून अहेरीस जाणारी एस. टी. प्रथमच सुरू झाली. ही वार्ता आनंदाची, परंतु मराठीत ती ‘मरकणार’ अशी छापून आली. जणू गाव नसून क्रियापदच आहे, आणि करणार, पडणार ह्यांच्या पंक्तीत बसविले आहे. वर्गात आम्ही ती वाचून दाखविली तेव्हा मुले खुदखुदू लागली. एकाने समजाविले, “सर, मरका म्हणजे आंबा, नार म्हणजे गाव.” नकाशावर इतकी ‘नार’ गावे आम्ही मुलांकडून पाठ करवून घेतली, आणि त्यांचा अर्थ कोणास विचारला नाही!

मोबाईलच्या मनोऱ्यांविषयीही लोक आमचे मत विचारतात. २७ जुलै २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मोबाईलपासून वंचित अशा २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ह्या अरण्यात आजाऱ्यासाठी वेळेवर एक फोन लागणे म्हणजे काय, हे खाटेच्या कथेनंतर सांगावयास नको. मनोऱ्यांस आमचा विरोध नाही. बाबेलच्या बुरुजाची कथा मुले उपासनेच्या तासास ऐकतातच. त्या बुरुजापाशी भाषा पुष्कळ झाल्या. आमच्या ह्या मनोऱ्यांखाली त्या कमी न होवोत, एवढीच धास्ती वाटते. किराणा दुकानातील पेटी पैसे मिळाल्याचे मराठीत ओरडून सांगते, आणि मराठीचा एरवी गंध नसलेल्या म्हाताऱ्याही आता ते वाक्य बिनचूक म्हणून दाखवितात. पेटीने त्यांस एक वाक्य शिकविले. त्यांच्याकडून एक वाक्य शिकणारी पेटी अद्याप आमच्या पाहण्यात नाही.

पालकांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मागे एका पालकसभेत आम्हीच आग्रहाने सांगितले होते की, घरी मुलांशी मराठीत बोला, म्हणजे अभ्यास सुधारेल. काहींनी ते इतके मनावर घेतले की, आता मूल माडियात बोलू लागले की त्यास गप्प करतात. तो उपदेश आम्ही मागे घेत आहो. मराठी शिकविणे हे आमचे काम आहे, आणि त्याचे वेतन आम्हांस मिळते. माडिया मात्र घरीच शिकता येते, कारण शाळेत ती येणारा मास्तर बहुधा नसतो.

ऑगस्टात आम्ही तोच निबंध पुन्हा दिला. अट एवढीच घातली की, पावसाविषयी घरच्या वडील माणसास विचारून त्याचेच शब्द देवनागरीत उतरून आणावे, अर्थ शेजारी मराठीत द्यावा, आणि अर्थ न सापडल्यास जागा कोरी सोडावी. मोर एकाही वहीत आला नाही. कोठीकडच्या व लाहेरीकडच्या मुलांचे एका शब्दावरून कडाक्याचे भांडण झाले. दोघांचा उच्चार निराळा, आणि दोघांनाही आपल्या आजीची शपथ! आम्ही निवाडा करू शकलो नाही. गुण कसे द्यावे हेही कळेना. तेव्हा प्रथमच लाल शाईची दौत बंद ठेवून वह्या नुसत्या वाचल्या. कोऱ्या जागा पुष्कळ होत्या.

नदीपलीकडच्या त्या मुलाने आजीचे नदीशी झालेले बोलणे अर्धे पान लिहून आणले आहे. ह्या वार्षिकात इंग्रजी, हिंदी आणि मराठी असे तीन विभाग आहेत. माडियाचे पान आजवर एकही निघालेले नाही. संपादकांस आम्ही हे अर्धे पान दाखविले. पुढील अंकात छापण्यास त्यांची हरकत नाही, परंतु मुद्रिते तपासणार कोण, अशी त्यांनी रास्त शंका काढली. मुलाने तोड सांगितली. आजीस वाचता येत नाही, तरी तो तिला मुद्रित मोठ्याने वाचून दाखवील, आणि ती चुका सांगेल. त्यावेळी आम्हीही जाऊन बसणार आहो. नमुन्यादाखल एक ओळ आम्ही तिच्यापुढे परवा वाचली. तिने ती आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतली, आणि तिन्ही वेळा डोक्यावरचा पदर तोंडाशी धरून ती हसत राहिली.